शाळेच्या आवारातील पेरू आणि उन्हाळ्याची सुट्टी

प्रतिवर्षी जून-जुलै महिन्यांत आपल्या प्राथमिक शाळांतून वृक्षारोपणाचा समारंभ होतो. गावचे सरपंच, शाळा व्यवस्थापन समितीचे सदस्य व पालक येतात, मुले घोषणा देतात आणि दहावीस रोपे जमिनीत जातात. पुढील जून महिन्यात त्याच खड्ड्यांत पुन्हा नवी रोपे लावण्याची पाळी अनेक शाळांवर येते. शाळा तपासणीच्या निमित्ताने गावोगाव फिरताना हे दृश्य मी इतक्या वेळा पाहिले आहे की, या विषयावर शिक्षक बंधुभगिनींशी चार शब्द मोकळेपणाने बोलावे असे वाटले. सर्वच झाडांविषयी एका लेखात लिहिणे शक्य नाही. यास्तव खेड्यातील शाळेला सर्व दृष्टींनी सोयीचे असे एकच झाड येथे घेतो. ते झाड म्हणजे पेरू.

प्रारंभी स्वतःचाच एक अनुभव सांगतो. १९९४ च्या जून महिन्यात, नोकरीच्या अगदी आरंभीच्या काळात, मी एका दोनशिक्षकी शाळेत पेरूची बारा रोपे लावली. पावसाळ्यात ती चांगली वाढली. हिवाळ्यात मुले उरलेले पाणी घालीत असत. मे महिन्यात शाळेला सुट्टी लागली व मी माझ्या गावी निघून गेलो. जूनमध्ये परत आलो तेव्हा अकरा रोपांच्या नुसत्या काड्या उरल्या होत्या. बारावे रोप मात्र हिरवेगार होते. ते शाळेच्या मागील बाजूस, एका घराच्या परसाला लागून होते. त्या घरातील चौथीची एक मुलगी रोज भांडी विसळलेले पाणी त्याच्या आळ्यात ओतीत होती. तिला हे काम मी सांगितलेले नव्हते. उरलेल्या अकरा रोपांविषयीही मी कोणालाच काही सांगितलेले नव्हते, आणि तोच माझा दोष होता. लावण्याचा दिवस मी नेमला होता, परंतु जगविण्याचे दिवस नेमले नव्हते.

या लेखाचे सार त्या एका रोपात आहे. शाळेतील पेरूचे भवितव्य पहिल्या दोन उन्हाळ्यांत ठरते. ते दोन उन्हाळे आपण निभावून नेले, तर पुढे हीच उन्हाळ्याची सुट्टी त्या झाडाला उपकारक ठरते. ते कसे, हे पुढे क्रमाने पाहू.

झाडाची ओळख

पेरू हा आपल्या इतका परिचयाचा झाला आहे की, तो मूळचा येथला नव्हे हे मुलांना खरे वाटत नाही. त्याचे मूळ स्थान अमेरिका खंडाचा उष्ण प्रदेश होय. पोर्तुगीजांच्या काळात तो समुद्रमार्गे भारतात आला. कोकणी भाषेत या फळास ‘पेर’ म्हणतात, आणि पोर्तुगीज भाषेत नासपतीला ‘पेरा’ असे नाव आहे. आपला ‘पेरू’ हा शब्द याच नावावरून आलेला असून, दक्षिण अमेरिकेतील पेरू देशाशी त्याचा संबंध जोडण्याचे कारण नाही, असे अनेक जाणकार मानतात. वनस्पतिशास्त्रात याचे नाव सिडियम ग्वाजावा असे आहे.

पेरू ज्या कुलात मोडतो त्यास मराठीत जंबुल कुल व शास्त्रीय परिभाषेत मिर्टेसी म्हणतात. भूमध्य समुद्राच्या काठी वाढणारे मिर्टल नावाचे एक सदाहरित, सुगंधी पानांचे झुडूप आहे. त्याच्यावरून या कुलास हे नाव मिळाले. स्पेनमधील ग्रानाडा येथील अल्हांब्रा राजवाड्यातील एका चौकात लांबट हौदाच्या दोन्ही बाजूंस याच झुडपाची कातरलेली कुंपणे आहेत. आपल्याकडे काही बागांतून त्यास विलायती मेंदी म्हणतात, तथापि आपल्या मेंदीशी त्याचे नाते नाही. पेरूचे खरे नातेवाईक निराळे आहेत. जांभूळ, जाम, निलगिरी आणि घरच्या मसाल्याच्या डब्यातील लवंग ही सर्व एकाच कुलातील भावंडे होत.

हे नाते मुलांना डोळ्यांनी पाहता येते. पेरूचे एक कोवळे पान तोडून सूर्यप्रकाशासमोर धरावे व साध्या भिंगातून पाहावे. पानात अतिशय सूक्ष्म, प्रकाश आरपार जाऊ देणारे ठिपके दिसतात. त्या तेलाच्या ग्रंथी होत. पान चुरगळले म्हणजे जो वास येतो, तो याच तेलाचा. निलगिरीच्या व जांभळाच्या पानांतही असेच ठिपके असतात, मात्र प्रत्येकाचा वास वेगळा.

दुसरी खूण फळाच्या टोकाशी आहे. पेरूच्या देठाच्या विरुद्ध बाजूस वाळलेल्या पाकळ्यांसारखा जो लहानसा मुकुट असतो, तो फुलाच्या निदलांचा अवशेष होय. फुलाचा फळ होणारा भाग निदलांच्या खाली असल्यामुळे निदले फळाच्या डोक्यावर राहतात. आता लवंग हातात घ्यावी. लवंग म्हणजे न उमललेली कळी. तिच्या टोकाशी चार निदले व त्यांच्यामध्ये मिटलेल्या पाकळ्यांची गोळी दिसते. लवंगेची ही चार टोके व पेरूचा मुकुट शेजारी ठेवले म्हणजे दोघांची रचना एकच आहे हे दुसरी-तिसरीच्या मुलांनाही समजते.

याखेरीज पेरूची पाने समोरासमोर जोडीने येतात. कोवळी फांदी चौकोनी असते. जून खोडाची साल पातळ पापुद्र्यांनी सुटून खालचा गुळगुळीत, तांबूस-हिरवट भाग उघडा पडतो. फुले पांढरी असून मध्ये पुंकेसरांचा दाट झुबका असतो. झाड सदाहरित आहे, म्हणजे सर्व पाने एकाच वेळी गळून ते उघडे पडत नाही.

जागा व रोप

पेरूला जमिनीचे फारसे वावडे नाही. हलक्या, मुरमाड जमिनीपासून मध्यम काळ्या जमिनीपर्यंत तो येतो. त्याला न सोसणारी गोष्ट एकच, ती म्हणजे मुळाशी साचून राहणारे पाणी. कोकणात किंवा भारी काळ्या जमिनीत लावावयाचा झाल्यास जमिनीपेक्षा थोड्या उंच वरंब्यावर लावावा. दिवसभर ऊन मिळेल अशी जागा निवडावी. इमारतीच्या भिंतीपासून व पाण्याच्या टाकीपासून दहा-बारा फूट अंतर ठेवावे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे मुले हात धुतात ती जागा किंवा हातपंप जेथून जवळ आहे, तेथेच झाड लावावे. पाणी लांब असेल तर झाड जगत नाही, असा माझा सर्वत्र अनुभव आहे.

बी पेरून झालेली झाडे मातृवृक्षासारखी निपजतील असा भरवसा नसतो, व त्यांना फळ येण्यासही विलंब लागतो. यास्तव दाब कलम किंवा गुटी कलम आणावे. जातींपैकी ‘सरदार’ म्हणजेच ‘लखनौ-४९’ ही शाळेस उत्तम. १९२७ साली पुण्याच्या गणेशखिंड येथील फळसंशोधन केंद्रात लखनौच्या पेरूंतून निवड करून ही जात काढण्यात आली. तिचे झाड पसरट व खालपासून फांद्या फुटणारे असते. हा गुण शाळेच्या दृष्टीने फार मोलाचा आहे. कलमे राहुरी, अकोला, परभणी व दापोली येथील कृषी विद्यापीठांच्या किंवा शासनाच्या रोपवाटिकांतून घ्यावीत. आठवडी बाजारात विनानावाचे रोप घेऊ नये.

एप्रिल महिन्यात दोन फूट लांब, रुंद व खोल असा खड्डा खणून तो उन्हात तापू द्यावा. पावसाच्या तोंडाशी तळाशी पालापाचोळा, त्यावर पोयटा माती आणि दीड-दोन घमेली चांगले कुजलेले शेणखत मिसळून खड्डा भरावा. मृगाचा पाऊस स्थिरावला व जमिनीत वाफसा आला म्हणजे कलम लावावे, काठीचा आधार द्यावा व भोवती काटेरी झुडपांचे कुंपण करावे. झाडे बुटकी ठेवावयाची असल्याने दोन झाडांत बारा फूट अंतर पुरते.

एक विनंती. बारा झाडे लावू नयेत. चार लावावीत व चारही जगवावीत.

पहिले दोन उन्हाळे

आता मुख्य प्रश्न. फेब्रुवारीपर्यंत मुले पाणी घालतात. मार्चमध्ये परीक्षेची गडबड, मे महिन्यात सुट्टी. रोपाला पाण्याची सर्वाधिक गरज असते तेव्हाच शाळेला कुलूप असते. यावर उपाय दोन आहेत, व ते दोन्ही करावेत.

पहिला उपाय मडक्याचा. कुंभाराकडील साधे, न रंगविलेले, सुमारे सहा लिटर पाणी मावेल असे मडके घ्यावे. रोपापासून एक फुटावर ते गळ्यापर्यंत जमिनीत पुरावे, पाण्याने भरावे व तोंडावर झाकणी किंवा सपाट दगड ठेवावा. मातीच्या अंगातून पाणी हळूहळू झिरपते व मुळांपाशी ओल टिकते. वरून ओतलेल्या पाण्यापैकी बरेच उन्हाने उडून जाते, तसे येथे होत नाही. आळ्यात वाळलेला पाला, गवत किंवा भुसा यांचे चार बोटे जाडीचे आच्छादन घालावे. ते खोडाला मात्र चिकटू देऊ नये. मडके आठवड्यातून दोनदा भरले की साधारणतः पुरते. आच्छादन सारून बोटाने ओल पाहावी व त्याप्रमाणे दिवस ठरवावेत.

याचा हिशेब मुलांकडूनच करून घ्यावा. चार मडकी, प्रत्येकी सहा लिटर, म्हणजे एका वेळी २४ लिटर. आठवड्यातून दोनदा म्हणजे ४८ लिटर. बारा लिटरची बादली धरल्यास आठवड्याला चार बादल्या. सहा आठवड्यांच्या सुट्टीत एकूण २८८ लिटर, म्हणजे २४ बादल्या. आठ मुलांत वाटणी केली तर एका मुलाच्या वाट्याला संपूर्ण सुट्टीत फक्त तीन बादल्या येतात. काम एवढेच आहे. ते आकड्यांत मांडले म्हणजे मुलांना व पालकांनाही त्याचे ओझे वाटत नाही.

दुसरा उपाय माणसांचा. सुट्टीत कोण गावात राहणार व कोण मामाच्या गावी जाणार, याची चौकशी एप्रिलमध्येच करावी. शाळेच्या शेजारी घरे असलेल्या मुलांची, त्यांच्या आई-वडिलांच्या संमतीने, वारांप्रमाणे यादी करावी. यादीची एक प्रत व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षांकडे व एक शाळेच्या दारावर लावावी. लहान मुलांनी विहिरीवर जाऊ नये, पाणी घरचे किंवा नळाचे असावे, आणि काम सकाळीच उरकावे, एवढे नियम स्पष्ट सांगावेत. भांडी विसळलेले पाणी चालते. मात्र साबणाचे फेसाळ पाणी आळ्यात ओतू नये. शिक्षकांनीही सुट्टीत निदान एकदा येऊन झाडे पाहून जावीत. गुरुजी किंवा बाई मुद्दाम आल्या एवढ्यानेच त्या कामाचे मोल मुलांच्या मनात वाढते.

झाड नव्हे, झुडूप

पेरूला मोकळे सोडले तर तो वीस-पंचवीस फुटांपर्यंत वाढतो. मग मुले दगड मारतात, फांद्यांवर चढतात, पडतात, आणि शिक्षक झाडावर बंदी घालतात. हाच पेरू छाटून झुडपासारखा ठेवला तर चौथीचे मूल जमिनीवर उभे राहून फळ तोडू शकते.

याची कृती सोपी आहे. लावणीनंतर रोप जोमाने वाढू लागले की, त्याचा शेंडा जमिनीपासून दोन ते अडीच फुटांवर कापावा. खाली अनेक फुटवे येतील. त्यांतील चारी दिशांना जाणारे तीन-चार जोमदार फुटवे ठेवून बाकीचे काढावेत. हे फुटवे हात-दीड हात वाढले की त्यांचीही निम्मी लांबी छाटावी. अशा रीतीने खालून भरलेला, छत्रीसारखा आकार तयार होतो. पुढे दरवर्षी हलकी छाटणी करून उंची सहा-सात फुटांच्या आत राखावी. पहिल्या दोन वर्षांत फळे धरल्यास ती काढून टाकावीत. मुलांना याचे वाईट वाटते. परंतु मुळे व फांद्या बळकट होण्यापूर्वी फळांचे ओझे घातले तर झाड खुरटते, हे त्यांना समजावून सांगावे.

छाटणीने फळ कमी होते ही समजूत बरोबर नाही. पेरूची फुले नव्या फुटीवरच, पानांच्या बगलेत येतात. छाटणीने नवी फूट येते, आणि नव्या फुटीबरोबर फूलही येते. एखाद्या फांदीवर खुणेचा दोरा बांधून हे वर्गाला दाखविता येईल.

बहार व शाळेचे वर्ष

आपल्या हवामानात पेरूला वर्षातून तीन वेळा फुले येऊ शकतात. फेब्रुवारीच्या सुमारास येणारा तो आंबे बहार, पावसाच्या आरंभी येणारा मृग बहार, आणि ऑक्टोबरच्या सुमारास येणारा हस्त बहार. तिन्ही बहार झाडावर ठेवले तर झाड थकते व फळे बारीक राहतात. म्हणून बागाईतदार एकच बहार धरतात.

शाळेने मृग बहार धरावा. जून-जुलैमध्ये फुले येतात व नोव्हेंबर ते जानेवारीपर्यंत फळे तयार होतात. त्या काळात शाळा भरलेली असते, हवा थंड असते व फळास गोडी चांगली येते. आंबे बहाराची फळे पावसाळ्यात पिकतात. ती पाणचट निघतात व त्यांना किडीचा उपद्रवही अधिक होतो.

मृग बहार हवा असेल तर झाडास उन्हाळ्यात पाण्याचा ताण द्यावा लागतो. हलक्या जमिनीत महिना-सव्वा महिना व भारी जमिनीत दीड-दोन महिने पाणी तोडले म्हणजे वाढ थांबते, काही पाने गळतात व फांद्यांत अन्नसाठा होतो. सुट्टी लागण्यापूर्वी फांद्यांचे शेंडे हलके छाटावेत. जूनच्या तोंडाशी आळे चाळून शेणखत घालावे. पाऊस पडताच नवी फूट व तिच्याबरोबर फुले येतात.

शिक्षक बंधुभगिनींनी येथे किंचित थांबून विचार करावा. पहिले दोन उन्हाळे ज्या सुट्टीने झाड मारले असते, तीच सुट्टी तिसऱ्या-चौथ्या वर्षापासून झाडाला हवी असलेली विश्रांती देते. सुट्टीत कोणी पाणी घालू नये, असे तेव्हा मुलांना मुद्दाम सांगावे लागते. मात्र हा नियम मूळ धरलेल्या, चांगल्या वाढलेल्या झाडापुरताच आहे. कोवळ्या रोपास ताण देणे म्हणजे त्यास मारणे होय.

कीड व तिचा बंदोबस्त

पेरूचा मोठा शत्रू फळमाशी. ती पिकू लागलेल्या फळात अंडी घालते, आत अळ्या होतात व फळ सडून खाली पडते. अळ्या तेथून जमिनीत शिरतात, कोषात जातात व पुन्हा माश्या होऊन बाहेर येतात. म्हणून पडलेले फळ झाडाखाली राहू देऊ नये. ती रोज वेचून दोन फूट खोल खड्ड्यात पुरावीत. आमच्या एका शाळेतील मुलांनी यासाठी स्वतःच नियम केला होता, ‘पडलेले फळ कोणाचे नाही, ते खड्ड्याचे.’ कृषी सेवा केंद्रात मिळणारा फळमाशीचा सापळा टांगावा. फळ लिंबाएवढे झाले की त्यावर कागदी पिशवी सैल बांधली तरीही फळ वाचते.

फांद्यांवर कापसासारखे पांढरे पुंजके दिसले तर तो पिठ्या ढेकूण समजावा. मुंग्या त्याला झाडावर वागवितात. असे शेंडे कापून नष्ट करावेत. शाळेच्या आवारात विषारी औषधांची फवारणी करू नये. मुले हाताने तोडून तेथेच खाणार आहेत, हे लक्षात ठेवावे.

फळाचा व पानांचा उपयोग

पेरूत क जीवनसत्त्व विपुल आहे. १०० ग्रॅम फळात ते सुमारे २०० मिलिग्रॅम असते, म्हणजे संत्र्याच्या चौपटीहून अधिक. आवळा याहूनही श्रेष्ठ खरा, परंतु मुले आवळा एक खातात व पेरू चार खातात. क जीवनसत्त्वाची मुलाची दिवसाची गरज मध्यम आकाराच्या अर्ध्या पेरूने भागते. सालीत व सालीलगतच्या गरात हे सत्त्व अधिक असते. यास्तव फळ सोलू नये, धुऊन खावे. शिजविल्याने व चिरून उघडे ठेवल्याने ते घटते. आयत्या वेळी चिरावे.

याचा आपल्या शालेय पोषण आहाराशी थेट संबंध आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या सुमारे ६७ टक्के बालकांत रक्तक्षय आढळला. हीच मुले पुढे आपल्या पहिलीच्या वर्गात येऊन बसतात. मटकी, डाळ, पालेभाजी यांत लोह असते, परंतु वनस्पतिजन्य अन्नातील लोह शरीरात कमी प्रमाणात शोषले जाते. त्याच जेवणात क जीवनसत्त्व असेल तर शोषण वाढते. म्हणून पेरूची फोड मधल्या वेळेत वेगळी देण्याऐवजी खिचडीच्या व उसळीच्या ताटातच वाढावी. शासनाच्या गोळ्यांची जागा पेरू घेऊ शकत नाही. तो जेवणाला पूरक आहे.

फळे एकदम पिकली तर पेरूची कोशिंबीर किंवा गूळ घालून भाजी करता येते. पेरूत पेक्टिन पुष्कळ असल्यामुळे जेली उत्तम होते. किंचित कच्च्या फळांच्या चकत्या बुडतील इतक्या पाण्यात अर्धा तास शिजवाव्यात, पाणी फडक्यातून न पिळता गाळावे, त्यात पाऊणपट साखर व लिंबाचा रस घालून दाट होईपर्यंत आटवावे. गोव्यात गर चाळून, साखरेबरोबर आटवून ‘पेराड’ नावाच्या वड्या करतात. त्या पुष्कळ दिवस टिकतात. चुलीजवळचे काम अर्थातच मोठ्या माणसांनी करावे.

पानांचा काढा जुलाबावर देण्याची जुनी चाल आहे. शाळेत मात्र तो उपचार करू नये. मुलास जलसंजीवनी पाजून आरोग्य केंद्रात न्यावे. पानांचा एक निर्धोक उपयोग वर्गात करण्याजोगा आहे. पाने पाण्यात उकळून गडद काढा करावा. गंजलेले खिळे दोन दिवस लिंबाच्या रसात ठेवून ते पाणी त्यात थेंबथेंब घालावे. काढा काळा पडतो. पानांतील टॅनिन व लोह यांच्या संयोगाने हा काळा रंग होतो. शाईच्या दौती असत त्या काळी शाई याच तत्त्वावर करीत. काडीने या शाईचे एक वाक्य प्रत्येक मुलाने लिहावे.

झाडाभोवतीचे पाठ

याखेरीज खोडाचा घेर दोऱ्याने मोजणे, फळांचे वजन करणे, एका पेरूतील बियांचा आधी अंदाज करून मग त्या मोजणे, कळी दिसल्यापासून फळ तोडण्यापर्यंतचे दिवस नोंदविणे, असे अनेक पाठ होतील. यासाठी एक जाड वही ‘पेरूची वही’ म्हणून ठेवावी व तारखेनिशी नोंद मुलांनीच करावी. शुद्धलेखनाचा सराव त्यात आपोआप होतो.

पावसाळ्यात दाब कलम करण्यास शिकवावे. खालची एक लवचीक फांदी वाकवून तिच्या मध्यावर बोटभर रुंदीची साल गोलाकार काढावी, तो भाग मातीत दाबून वर दगड ठेवावा व शेंडा बाहेर राहू द्यावा. माती ओली ठेवली तर सुमारे दोन महिन्यांत तेथे मुळे फुटतात. मग फांदी मूळ झाडापासून कापून कुंडीत किंवा पिशवीत वाढवावी.

फळांच्या वाटणीविषयी एक सूचना. मी स्वतः एकदा चोरीच्या भीतीने त्या बाराव्या झाडाभोवती काट्यांचे कुंपण केले व मुलांना मनाई केली. त्या वर्षी निम्मी फळे फळमाशीने खाल्ली, कारण पडलेली फळे वेचण्यासही कोणी आत जाईना. दुसऱ्या वर्षी कुंपण काढले, तोडण्याचा वार ठरविला व पहिले फळ पहिलीच्या वर्गाला असा नियम केला. त्यानंतरही कच्ची फळे तोडली गेलीच, परंतु ती कोणी तोडली हे मुलेच येऊन सांगू लागली. झाड माझे होते तेव्हा ते राखण्याचे काम मला एकट्याला करावे लागे. ते मुलांचे झाल्यावर ते काम उरले नाही.

येत्या एप्रिल महिन्यात आपल्या शाळेत चार खड्डे व चार मडकी एवढीच तयारी करावी. वृक्षारोपणाच्या दिवशी रोपाबरोबर सुट्टीतील पाण्याची यादीही सर्वांसमोर वाचून दाखवावी, म्हणजे समारंभाला येणाऱ्या पाहुण्यांनाही आपला वाटा कळेल. चौथ्या-पाचव्या वर्षी आपल्या झुडपावर केलेले एक दाब कलम शेजारच्या शाळेस भेट म्हणून द्यावे, आणि त्यासोबत मडके पुरण्याची रीतही त्या शाळेच्या मुलांना आपल्या मुलांनी स्वतः जाऊन दाखवावी.